ताईंना उत्तर: हॉट झोन, पाच सिरिंज आणि आमचा माकडताप

ताई, 'हॉट झोन'वरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धा गेला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 'हॉट झोन' म्हणजे इबोला व्हायरसवरचं, रक्ताचे पाट वाहवून घाबरवणारं पुस्तक, अमेरिकेतल्या रेस्टनमध्ये एक माणूस मेला नाही तरी एवढा बोभाटा, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप (गोचिडींतून पसरणारा व्हायरसचा ताप) आला तेव्हा तुम्ही पणजीवाले कुठे होता.

रक्ताचं मान्य. कॉलेजात असताना मिरामारच्या रूमवर एका रात्रीत वाचलेलं तेव्हा त्या विमानातल्या पेशंटची पानं वाचून दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, आता पावसात लाईट गेलेली, मोबाईलच्या टॉर्चवर परत वाचताना तीच पानं चक्क नाटकी वाटली. इबोलात अवयव बिवयव वितळत नाहीत, बऱ्याच जणांना डोळ्यांना दिसेल असा रक्तस्राव होतही नाही, उलट्या-जुलाबांनी पाणी जाऊन माणूस शॉकमध्ये जातो, हे नर्स म्हणून तुम्हालाच जास्त ठाऊक.

पण रेस्टनचं नाही पटलं. 1989 साली फिलिपिन्सहून आणलेली माकडं पटापट मरतायत, टेस्ट इबोला दाखवतेय, आत पिंजरे साफ करणाऱ्यांना काय स्वप्न पडलं होतं की हा प्रकार माणसाला आजारी पाडत नाही? चार कामगारांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे व्हायरस अंगात शिरून गेलाच होता. नशीब, दुसरं काय.

आणि ह्या वेळी मी अडकलो ते रक्तापाशी नाहीच. 1976, झाईर म्हणजे आताच्या डीआर काँगोमधलं याम्बुकू, मिशनचं हॉस्पिटल, सकाळी ओपीडीच्या टेबलावर मोजून पाच सिरिंज, दिवसभर सगळ्यांना त्याच, मधेच कोमट पाण्यात खळबळून परत पुढच्याच्या दंडात. इबोलाच्या त्या साथीत 318 केसेस, 280 मेले. पुस्तकात हे पटकन येऊन जातं, पहिल्या वेळी मी ते वाचलं तरी होतं का कोण जाणे, रक्ताच्या नादात होतो ना.

माकडतापाचा टोमणा मात्र बरोबर बसला. 2015 ला सत्तरीतल्या पाली गावात पेशंट सापडले, माझ्या मामाचं काजूचं भाट (बागायत) सत्तरीतच, आणि तरी मला व्हायरस म्हटलं की आफ्रिका आठवते. माकड मेलं की गोचिडी त्याला सोडून पाल्यात पसरतात, त्यांची पिल्लं तिळापेक्षा बारीक, दिसतायत कुठे, आणि सीझनला मामी त्याच पाल्यात बसून बोंडांची बी पिळून काढते. हेल्थवाल्यांनी गोचिडी लागू नयेत म्हणून दिलेलं तेल खिडकीत पडून. हाताला वास येतो म्हणे, मग जेववत नाही.

एक विचारू? तुम्ही लिहिलंय 75 साली नोकरीला लागलात, म्हणजे काचेच्या सिरिंज उकळायचा तो डबा तुमच्याच हातात असणार. किती सिरिंज असायच्या हो, आणि गर्दीच्या दिवशी पुरायच्या?