भुऱ्याची पिसं, तुमची बाटली आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार काका,

माझा पाळीव पोपट भुऱ्या याच्या पहिल्या पिसं झडण्यावर मी लिहिलं, त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. रात्री पुन्हा वाचली तेव्हा त्यातलं एक म्हणणं पटलं. म्हणून नुसतं 'आभार' लिहून सोडून देत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही 30 वर्षं पक्षी पाळताय. सात महिन्यांच्या पाखराची एवढी पिसं गळतात म्हणजे ते आजारी आहे. दुकानात मिळणारं व्हिटॅमिनचं औषध पाण्यात घालायचं सोडून मी त्याला भर पावसाळ्यात आंघोळी घालतेय. आणि 'अजिबात काळजी करू नका' असं लिहून नवख्या लोकांची दिशाभूल करतेय.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. 'अजिबात काळजी करू नका' हे मी लिहायला नको होतं. पोपटांना चोचीचा आणि पिसांचा एक विषाणूजन्य आजार होतो, डॉक्टर त्याला पीबीएफडी म्हणतात. तो बहुतेक लहान वयातच पकडतो आणि कधीकधी पहिल्या पिसं झडण्यातच उघड होतो: जुनी पिसं जातात आणि नवी येतात ती वाकडी, मध्येच चिमटल्यासारखी, नाहीतर येतच नाहीत. माझं ते वाक्य वाचून कोणी अशा पक्ष्याला घरीच ठेवून बसलं असतं, तर त्याची जबाबदारी माझी होती. वाक्य काढलंय आणि डॉक्टरकडे कधी जायचं ते तिथे लिहिलंय. तुमच्यामुळे ते झालं, हे मनापासून सांगते.

पण भुऱ्या आजारी नाही, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाही. तो कॉकाटील आहे, म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवाच्या कुळातला. सहाव्या-सातव्या महिन्यापासून यांची पिल्लपणाची पिसं जाऊन मोठ्यांची पिसं यायला लागतात. त्याची पिसं मी रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळातून उचलून एका वहीत चिकटवते. उजव्या पंखाचं मोठं पीस पडलं की एक-दोन दिवसांत डाव्या पंखाचं तसंच पीस पडतं. दोन्ही बाजू सारख्या रिकाम्या होतात, म्हणून उडताना तोल राहतो. अंगावर कुठेही उघडी कातडी दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करते, 88 ग्रॅमच्या आसपास आहे. एवढ्याशा जिवाचं आठ-नऊ ग्रॅम जरी उतरलं असतं, तरी मी हे लिहीत न बसता डॉक्टरकडे धावले असते.

आणि डोकं! तुम्ही ते बघायला हवं होतं. सध्या कपाळापासून मानेपर्यंत साळिंदरासारखे कोंब आलेत. प्रत्येक कोंबावर पांढरट आवरण असतं, आत पीस गुंडाळलेलं. अंगावरची आवरणं तो स्वतः चोचीने सोलतो, पण डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. जोडीदार असता तर त्याने हे काम केलं असतं. आता ते माझ्याकडे आहे. संध्याकाळी तो मांडीवर येतो, मान खाली घालतो, आणि मी दोन नखांमध्ये कोंब हलकेच चोळते. आवरण कोरड्या पिठासारखं चुरतं आणि आतून पिवळंधमक पीस उलगडतं. पहिल्या आठवड्यात मी घाई केली. बुडाशी निळसर दिसणारा एक कोंब दाबला आणि भुऱ्या किंचाळून चावला. निळसर म्हणजे आत अजून रक्त असतं. तो मोडला तर चांगलंच रक्त जातं. तेव्हापासून पूर्ण पांढरे, कोरडे झालेलेच कोंब चोळते. ही गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती.

आता औषध. काका, इथे मी मागे हटणार नाही. लालबागच्या चाळीत आमच्याकडे 'लव्हबर्ड'ची जोडी होती, म्हणजे खरं तर बजी, छोटे रंगीत पोपट. मुंबईत सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात. मादीची पिसं झडायला लागली म्हणून बाबांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून वाटीत पिवळं औषध घातलं. ती वाटीपर्यंत यायची, चोच बुडवायची आणि मागे फिरायची. मे महिना होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. औषधानेच गेली असं मी म्हणत नाही, पण तिने पाणी सोडलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाण्यातल्या औषधाचं हेच आहे: चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे किती औषध पोटात गेलं ते कळत नाही, आणि आपल्या दमट हवेत ते पाणी काही तासांत बुळबुळीत होतं. त्यातून ड जीवनसत्त्व जास्त झालं तर ते मूत्रपिंडांवर येतं.

पीस जवळपास सगळंच प्रथिनांचं असतं, तेव्हा ते ताटातूनच मिळायला हवं. भुऱ्याला मोड आलेले मूग, उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला मिळतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पिसं धड येत नाहीत. ओलं खाणं दोन तासांत उचलते आणि धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, कारण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात जाते.

आंघोळीबद्दल तुमची भीती अर्धी बरोबर आहे. संध्याकाळी भिजवून ओला ठेवला तर तो गारठेल. मी सकाळी दहाच्या आधी बारीक फवारा मारते, पंखा बंद ठेवून, आणि दुपारपर्यंत तो कोरडा होतो. पाण्याने आवरणं मऊ पडतात, खाज कमी होते. पंख्याचं एरवीही लक्षात ठेवा: मोठी पिसं गेलेला पक्षी अडखळत उडतो आणि आपल्या घरांत पंखा बारा महिने चालू असतो. शिवाय रात्री आठला पिंजऱ्यावर चादर टाकते. दहा-बारा तासांची झोप या दिवसांत औषधापेक्षा मोलाची आहे.

'पोपट पाळणं गुन्हा आहे' हेही तुम्ही लिहिलंत. आपल्या हिरव्या पोपटांच्या बाबतीत अगदी खरं, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पाळता येत नाही. कॉकाटील आणि बजी त्यात येत नाहीत. कन्युअरसारख्या परदेशी पोपटांची मात्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते.

खरं तर मी हे सगळं लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'माझ्या बजीची छाती वर्षभर उघडी आहे, औषधावरच जगली आहे,' असं तुम्ही लिहिलंत. काका, पिसं झडणं काही आठवड्यांत उरकतं, वर्षभर चालत नाही. तिच्या डोक्याकडे एकदा नीट बघा. डोक्यावरची पिसं शाबूत असतील आणि फक्त छाती उघडी असेल, तर बहुतेक ती स्वतःच पिसं उपटतेय, कारण डोक्यापर्यंत तिची चोच पोचत नाही. त्यामागे त्वचेचा त्रास असेल, आतला एखादा आजार असेल किंवा एकटेपणा. आणि डोकंही विरळ झालं असेल तर रक्ताची तपासणी लवकर करायला हवी. परळला बैलघोडा म्हणतात त्या जनावरांच्या दवाखान्यात पक्षीही बघतात. तुमच्या जवळ पक्ष्यांचे दुसरे डॉक्टर असतील तर तिथे जा, पण या आठवड्यात जा.

नेताना पिंजरा धुऊ नका. तळाचा कागद आदल्या दिवशीचा तसाच राहू द्या, डॉक्टरांना तिची विष्ठा बघायची असते. आणि ती औषधाची बाटली बरोबर घ्या.