जळमट, गोल पोट आणि एक फोटो: अमेरिकेतले छोटे कोळी एवढ्यावर ओळखता येतात का?

अमेरिकेतल्या घरांत सापडणाऱ्या छोट्या कोळ्यांबद्दल एक दावा सतत फिरत असतो. कधी चित्रांचा तक्ता म्हणून, कधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ म्हणून. त्याचा मथितार्थ असा: जाळं विस्कटलेलं असेल तर तो कॉबवेब कोळी. तो काळा, चकचकीत आणि पोटाखाली लाल डमरू, म्हणजे डमरूच्या आकाराची खूण, असलेला असेल तर ब्लॅक विडो. डमरू नसेल तर निर्धास्त राहा. उरलेल्यांची जात पोटावरचा रंग आणि नक्षी फोटोशी ताडून ठरवा. मायक्रोस्कोप म्हणजे तज्ज्ञांचं सोवळं, आणि नाहीतरी ते लोक सारखी नावं बदलत असतात.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते इतकं पसरतं. आता एकेक मुद्दा घेऊ.

"विस्कटलेलं जाळं म्हणजे कॉबवेब कोळी."

कॉबवेब कोळ्यांचं कुळ म्हणजे थेरिडिइडी. जाळ्यावरून हे कुळ ठरवायला गेलं तर दोन्हीकडून फसगत होते. तळघरात, गॅरेजच्या कोपऱ्यात तसंच सैल जळमट विणणारे लांब, बारीक पायांचे कोळी बहुधा फॉल्सिडी या वेगळ्याच कुळातले असतात. त्यांची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून बसते; थेरिडिइडीतल्या घरगुती जाती अंड्यांची पिशवी जाळ्यात टांगतात. उलट, थेरिडिइडीतला युरिओपिस शिकारीचं जाळंच विणत नाही, थेट मुंग्यांवर जातो. अर्जायरोडीस दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यात बिनभाड्याचा राहतो. फोरोनसिडिया अमेरिकाना जेमतेम दोन मिलिमीटरचा. त्याचं जाळं म्हणजे जवळजवळ एकच चिकट धागा. यांतल्या कुणालाही वरचा नियम पकडू शकत नाही.

कुळ ठरतं मागच्या पायावर. चौथ्या पायाच्या शेवटच्या पेरावर, खालच्या अंगाला, दातेरी राठ केसांची एक रांग असते, साधारण सहा ते दहा केसांची. ही फणी. तिने कोळी धागे ओढून भक्ष्यावर चिकट रेशीम फेकतो. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ४० पट मोठं करून, पाय कुशीवर वळवून आणि प्रकाश बाजूने टाकून बघावं. वरून प्रकाश टाकला तर फणीचे केस इतर केसांत हरवतात. काही प्रजातींत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) फणी अगदी पुसट असते, काहींत नसतेच. शिवाय गुहांत राहणाऱ्या नेस्टिसिडी कुळालाही फणी असते. म्हणून त्याबरोबर खालच्या ओठाची पुढची कड पाहायची: नेस्टिसिडीत ती जाड, वळलेली असते, थेरिडिइडीत साधी. चादरीसारखं जाळं करणाऱ्या लिनिफिइडी कुळातही ती जाडच असते, पण तिथे फणी नसते आणि जबड्यांवर ठळक दात असतात.

जाळ्याचा उपयोग आहेच, पण ते नीट बघितलं तर. कॉर्नफ्लोअरची चिमूट तळहातावरून हलकेच फुंकली की धागे दिसू लागतात (जास्त पडलं तर सगळं लोंबतं आणि रचना कळत नाही). वरच्या गुंत्यातून जमिनीकडे ताठ उतरलेले आणि फक्त खालच्या टोकाला गोंदाचे थेंब असलेले धागे दिसले, तर तो सापळा आहे: चालता किडा अडकला की धागा जमिनीपासून सुटतो आणि किडा वर उचलला जातो. असे धागे पॅरास्टिएटोडा (घरोघरचा मळकट कोळी यातलाच), स्टिएटोडा आणि लॅट्रोडेक्टस, म्हणजे विडो, तिघंही करतात. त्यामुळे गट कळतो, त्यापुढे काही नाही.

"काळा आणि डमरूवाला म्हणजे ब्लॅक विडो, डमरू नसेल तर निर्धास्त."

दाव्यातला हा भाग सगळ्यांत धोकादायक, विशेषतः त्याचा उत्तरार्ध. उत्तरेकडच्या लॅट्रोडेक्टस व्हॅरिओलसचं डमरू बहुधा मधोमध तुटलेलं असतं. दोन वेगळे लाल ठिपके दिसतात. फ्लोरिडातल्या लॅट्रोडेक्टस बिशपीत पुरतं डमरू क्वचितच असतं, आणि तिचं शिरोवक्ष (डोकं आणि छाती मिळून झालेला पुढचा भाग) व पाय तर काळे नसून लालसर असतात. ब्राउन विडो, म्हणजे लॅट्रोडेक्टस जिऑमेट्रिकस, तपकिरी किंवा राखाडी असते आणि तिचं डमरू नारिंगी. काळ्या विडोची पिल्लं पांढुरकी, पट्टेदार असतात. नर आयुष्यभर बारीक आणि रंगीबेरंगी राहतो. 'काळा, गोल, लाल डमरू' हे वर्णन पुरतं लागू पडतं ते काही जातींच्या प्रौढ मादीलाच.

दुसऱ्या टोकाला स्टिएटोडा ग्रोसा: जांभळट काळी, चकचकीत, गोल, विडोसारख्याच जाळ्यात उलटी लटकणारी. घरात सापडून घाबरगुंडी उडवणारे काळे कोळी पुष्कळदा हेच असतात. पोटाच्या पुढच्या कडेला फिकट कमान असते, पण म्हाताऱ्या, गडद मादीत तीही नाहीशी होते. मग रंग सोडून डोळ्यांकडे जावं लागतं. दोघांनाही आठ डोळे, दोन ओळींत. प्रत्येक बाजूच्या कडेच्या दोन डोळ्यांची जोडी बघा: स्टिएटोडात ते दोन एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, लॅट्रोडेक्टसमध्ये त्यांच्यात स्पष्ट अंतर असतं. काळ्या अंगावर काळे डोळे जिवंतपणी दिसणं कठीण. अल्कोहोलमध्ये बुडवून तिरका प्रकाश टाकला की पटकन दिसतात. दुसरी खूण जबड्याच्या कडेवर: स्टिएटोडात पुढच्या कडेवर दात असतो, लॅट्रोडेक्टसमध्ये नसतो. स्टिएटोडाच्या नराच्या पोटाच्या पुढच्या टोकावर आणि शिरोवक्षाच्या मागच्या उतारावर घासून आवाज करायची खरखरीत यंत्रणाही सापडते.

मायक्रोस्कोप नसेल तर अंड्यांची पिशवी बघावी. ती कोळ्यापेक्षा कमी फसवते. ब्राउन विडोच्या पिशवीवर सगळीकडून रेशमी काटे असतात. काळ्या विडोंची गुळगुळीत, मळकट पांढरी ते फिकट तपकिरी. स्टिएटोडाची पांढरी आणि विरळ, आतली अंडी दिसतील अशी. पॅरास्टिएटोडा टेपिडॅरिओरमची तपकिरी, कागदी, एका टोकाला निमुळती.

कोळी पकडायचा तर पारदर्शक डबी आणि पोस्टकार्ड; बोटांनी नाही, कारण विडो बहुधा दाबली गेली तरच चावते. चावा झालाच असेल तर जात ठरेपर्यंत थांबायचं नाही. डॉक्टरकडे जायचं आणि जमलं तर कोळी डबीत घालून न्यायचा.

"जात पोटावरच्या रंगावरून आणि नक्षीवरून ठरवा."

हा प्रयोग एकदा झालेला आहे, १७५७ साली. स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी युरोपातल्या कोळ्यांना नावं देताना एक संपूर्ण पिवळसर, एक दोन लाल पट्ट्यांचा आणि एक पाठभर लाल अशा तीन वेगळ्या जाती केल्या: लिनिआटस, रेडिमिटस आणि ओव्हॅटस. आज ती तिन्ही मिळून एकच जात आहे, एनोप्लोग्नॅथा ओव्हाटा, आणि ती आता उत्तर अमेरिकेतल्या झुडपांतही स्थिरावली आहे. रंगाने एका जातीच्या तीन केल्या.

आता उलटी बाजू. हीच एनोप्लोग्नॅथा ओव्हाटा समजून गोळा केलेल्या नमुन्यांत एक दुसरी जात मिसळलेली होती, हे १९८२ साली उघड झालं. तिचं नाव एनोप्लोग्नॅथा लॅटिमाना. तिच्यातही पिवळे आणि लाल पट्ट्यांचे प्रकार आहेत. फरक आहे तो जननेंद्रियांत. म्हणजे रंगाने दोन जातींची एक केली. जी खूण दोन्ही दिशांनी चुकते, तिच्या भरवशावर फोटो ताडत बसण्यात काय हाशील?

हे एखादं विचित्र उदाहरण नाही. हवाईतल्या थेरिडिऑन ग्रॅलेटरच्या पाठीवर कधी हसरा चेहरा, कधी नुसता पिवळा रंग, कधी भलताच डाग. सगळी एकच जात. कॅरिबियनमधल्या स्पिंथारसची गोष्ट याच्या उलट: उत्तर अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत स्पिंथारस फ्लॅव्हिडस नावाची एकच हसऱ्या पाठीची जात आहे असा समज होता. कोळीतज्ज्ञ इंगी अग्नारसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून त्यातून १५ नव्या जाती बाहेर काढल्या. नावं देताना त्यांनी बराक ओबामा, डेव्हिड अ‍ॅटनबरो, डेव्हिड बोवी अशी मंडळी निवडली.

आणि तक्त्यावरचा सर्वांत 'सोपा' कोळी, घरोघरचा पॅरास्टिएटोडा टेपिडॅरिओरम? त्याच्यासारखाच दिसणारा पॅरास्टिएटोडा टॅब्युलाटा अमेरिकेतच फिरतो; कोळीतज्ज्ञ हर्बर्ट लेव्ही यांनी त्याचं वर्णन केलं ते १९८० साली. तो जाळ्यात कचऱ्याचा उपडा पेला टांगून त्यात बसतो, ही उपयोगी खूण, पण पेल्याबाहेर सापडला की संपलं. दक्षिणेत टिडॅरेन सिसिफॉइडीसची मादी तशीच मळकट, गोल. मात्र तिच्या पोटाच्या मागच्या उतारावर एक पांढरी उभी रेघ असते आणि ती जाळ्यात लटकवलेल्या वाळक्या गुंडाळलेल्या पानात लपते.

नक्षी बदलते त्याची कारणंही साधी आहेत. पोट भरलं किंवा अंडी धरली की कातडी ताणते आणि डाग विरतात. अंडी घातली की पोट सुरकुततं आणि डाग एकमेकांत मिसळतात. अल्कोहोलमध्ये लाल, हिरवा, पिवळा रंग काही दिवसांत उडतो. त्यामुळे नमुना बुडवण्याआधी फोटो काढायचा, आणि तो फक्त पाठीचा नाही: वरून, खालून, कुशीवरून आणि समोरून चेहऱ्याचा, खाली आलेख कागद ठेवून. पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर कोळी तेवढा वेळ शांत बसतो.

"मायक्रोस्कोप म्हणजे सोवळं."

जात ठरते ती जननेंद्रियांवरून: प्रौढ मादीच्या पोटाखालच्या कठीण झालेल्या भागावरून, म्हणजे एपिजिनमवरून, आणि नराच्या तोंडाजवळच्या पायासारख्या छोट्या अवयवावरून, म्हणजे पाल्पवरून. इथे रंग नसतो, आकार असतो. लेव्ही यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या या कुळाची प्रजातीवार फेरतपासणी केली ती याच अवयवांच्या चित्रांवर, आणि आजही काम तिथूनच सुरू होतं.

आधी प्रौढ आहे का ते बघा. शेवटच्या कातीआधी नराचा पाल्प गुळगुळीत, फुगीर बोंडासारखा दिसतो. आतले हुक, पट्ट्या दिसत नाहीत. अशा नमुन्यावर जात लिहायचीच नाही. मादीत एपिजिनमच्या जागी नुसता मऊ फुगवटा असेल तरी तेच.

नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. डीएनए हवं असेल तर एक पाय ९५ टक्क्यांत वेगळा. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि ठिकाण-तारीख नसलेला कोळी कुचकामी ठरतो. बघताना काचेच्या बशीत धुतलेली बारीक वाळू पसरून तिच्यात कोळी रुतवावा, म्हणजे हवा तो कोन धरून ठेवता येतो. हा कोन फार महत्त्वाचा. एपिजिनम जरा पुढे झुकलं तरी गोल छिद्र फटीसारखं दिसतं आणि माणूस चित्रांच्या पुस्तकात भलत्याच पानावर जातो.

बाहेरून कळलं नाही तर एपिजिनम बारीक सुईने सोडवून पारदर्शक करायचं. लवंगेचं तेल चालतं, पण तुकडा आधी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये नेलेला असावा. ७० टक्क्यांतून थेट टाकला तर पाण्यामुळे तेल दुधाळ होतं आणि काही दिसत नाही. लॅक्टिक अ‍ॅसिडला ही अडचण नाही. आतल्या शुक्रपिशव्या मोजा: बहुतेक प्रजातींत दोन, डिपोना आणि युरिओपिसच्या गटात चार. छिद्र डिंकासारख्या बुचाने बंद असू शकतं. विडोंत तर नराच्या अवयवाचं मोडलेलं टोक आत अडकलेलं सापडतं. ते मादीचाच भाग समजून चित्र काढलं की नसलेली 'नवी जात' तयार होते.

नराचा पाल्प प्रथेप्रमाणे डावा काढतात. टिडॅरेनमध्ये तो असेलच असं नाही: नर शेवटच्या कातीआधी स्वतःचा एक पाल्प तोडून टाकतो. मादीच्या मानाने तो चिमुकला असतो आणि पाल्प त्याच्या अंगाला इतका जड होतो की एक टाकल्यावर त्याचा वेग मोजण्याइतका वाढतो. एकपाल्पी नर दिसला तर नमुना खराब झाला म्हणून फेकू नका. प्रजातीचं नाव निम्मं तिथेच सापडलं.

"नावं सारखी बदलतात, म्हणजे त्यांनाच माहीत नाही."

घरातल्या त्या मळकट कोळ्याला सी. एल. कॉख यांनी १८४१ साली नाव दिलं. तो आधी थेरिडिऑनमध्ये होता, पुढे लेव्हींनी अकीअरेनियात हलवला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरास्टिएटोडात गेला. बदललं ते आडनाव. 'टेपिडॅरिओरम', म्हणजे उबदार काचघरांतला, हे जातीचं नाव १८४१ पासून तसंच आहे. थेरिडिऑन ही बराच काळ अडगळीची खोली होती. कुठेच न बसणारा छोटा गोल कोळी तिथे टाकला जायचा. खोली आवरताना सामान हलणारच. जुनं नाव शोधलं तरी नव्यापर्यंत पोचता येतं, कारण जागतिक कोळी सूचीत प्रत्येक स्थलांतराची नोंद असते.

डीएनएवर सोपवून मोकळं व्हावं, असंही हल्ली कुणी सुचवतं. डीएनएचा क्रम जुळवायचा तो आधी ओळखलेल्या नमुन्याच्या क्रमाशी, आणि तो नमुना कुणीतरी एपिजिनम बघूनच ओळखलेला असतो. तिथे चूक असेल तर ती यंत्र पुढे नेतं.

भारतातल्या वाचकांना हे परकं वाटेल, पण लालसर पायांचा, छोटा नेस्टिकोडीस रुफिपीस फ्लोरिडातल्या घरांत आणि भारतातल्या घरांत सारखाच राहतो. तक्त्यावर तो नसल्यामुळे तिकडे त्याला भलतंच काहीतरी ठरवलं जातं.

पुरावा जिथे संपतो तिथे नावही थांबवायचं. फक्त पाठीचा फोटो असेल तर 'थेरिडिइडी, बहुधा'. फणी आणि डोळे पाहिले पण कोळी अप्रौढ असेल तर 'स्टिएटोडा, अप्रौढ मादी'. एपिजिनम नीट कोनात पाहून चित्राशी जुळवलं तर पूर्ण नाव, आणि त्यापुढे कशावरून ओळखलं ते: 'एपिजिनम, पारदर्शक करून'.