बिनपगारी रात्रपाळी

चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन करणाऱ्या माणसाला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे "साहेब, माल कुठे अडकलाय?" गेली अठरा वर्षे मी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देत आलो आहे. संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन, डोक्याला जरा विरंगुळा म्हणून मी संगणकावर खेळायला बसतो, तेव्हा पडद्यावर जी पहिली गोष्ट दिसते ती पिठाचा तुटवडा. दोष सर्वस्वी माझा आहे. मला जर्मन मंडळींनी बनवलेले खेळ आवडतात.

हे व्यसन मला 'सेटलर्स २' या वस्ती वसवण्याच्या, १९९६ सालच्या खेळाने लावले. तो काढणारी ब्लू बाइट ही कंपनी मूळची रूर खोऱ्यातली, म्हणजे कोळशाच्या आणि पोलादाच्या मुलखातली, आणि ते खेळताना पदोपदी जाणवते. या खेळात एक सैनिक उभा करायचा तर तलवार, ढाल आणि बिअर असे तीन जिन्नस लागतात. तलवारीला लोखंड आणि कोळसा, लोखंडाला खनिज आणि पुन्हा कोळसा, खाणीत उतरणारा कामगार पाव, मासे किंवा मांस मिळाल्याशिवाय कुदळीला हात लावत नाही, पावाला पीठ आणि विहिरीचे पाणी, पिठाला धान्य, आणि नेमके तेच धान्य बिअरवाल्याला, डुकरे पाळणाऱ्याला आणि गाढवांची पैदास करणाऱ्यालाही हवे असते. शत्रू सीमेवर येऊन ठेपलेला असतो आणि मी मात्र गाढवांचे धान्य कमी करावे की नाही या विवंचनेत असतो.

त्यातून रस्त्यांचा प्रकार तर अंत पाहणारा आहे. दोन झेंड्यांच्या मधल्या टप्प्यावर एकच हमाल नेमलेला असतो. तो एका वेळी एकच डाग उचलतो, पुढच्या झेंड्यापाशी ठेवतो आणि आपली हद्द संपली म्हणून परत फिरतो. एखाद्या चौकात ओंडके, मासे आणि दगड यांचा ढीग साचून सगळी वाहतूक ठप्प झालेली असते, आणि तिथून जेमतेम चार बोटांवर दुसरा हमाल, आपल्या टप्प्यावर काम नाही म्हणून, निवांत वर्तमानपत्र वाचत उभा असतो. हा गृहस्थ आमच्या स्टोअरमध्येही आहे. या चिमुकल्या माणसांच्या लगबगीसाठी जर्मन भाषेत 'वुझेलफाक्टर' असा खास शब्द रूढ आहे. तो कानावर पडला तेव्हा मला आमच्या महिनाअखेरीची आठवण झाली.

'सेटलर्स ३' १९९८ साली आला. त्याची सीडी मला एका मित्राने राइट करून दिली होती, हे आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. त्या खेळात माझी लोखंडाची भट्टी उत्तम पेटली, धूर निघाला, आणि दारातून लोखंडाऐवजी डुक्कर बाहेर आले. पाठोपाठ दुसरे आले. मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाला होतो, धातुशास्त्राच्या पेपरात 'पिग आयर्न' म्हणजे भट्टीतले कच्चे लोखंड नुकतेच घोकले होते, त्यामुळे हा जर्मन अभियंत्यांचा काहीतरी सूक्ष्म विनोद असावा अशी समजूत करून घेऊन मी दोन दिवस श्रद्धेने डुकरे साठवत राहिलो. चोरीची प्रत ओळखली की भट्टीतून डुकरे निघावीत, अशी योजना बनवणाऱ्यांनी मुद्दामच करून ठेवली होती, हे मला पुष्कळ उशिरा समजले. पुढचे सगळे खेळ मी रोख पैसे मोजून घेतले आहेत.

'गॉथिक' या २००१ सालच्या खेळात तलवार हाती धरून पराक्रम करता येईल अशी आशा होती. तिथे नायकाला नावसुद्धा नाही, आणि पहिल्या दहा मिनिटांत मला एका कोंबडीच्या थोरल्या बहिणीने टोचून ठार मारले. तो नाद मी सोडला.

सध्या घरात 'ॲनो १८००' हा शहर उभारण्याचा खेळ चालू आहे. या मालिकेतल्या प्रत्येक खेळाच्या नावातल्या सालाच्या अंकांची बेरीज नऊ येते. १६०२ घ्या, १४०४ घ्या, २०७० घ्या. (पहिला भाग खरे तर ऑस्ट्रियात तयार झाला, पण बेरजेची शिस्त जर्मनांनी इमानाने पाळली.) '१८००' हा २०१९ साली माइन्झमध्ये, म्हणजे छपाईचा जनक गुटेनबर्ग याच्या गावात, तयार झाला, म्हणूनच की काय, त्यात आपल्या शहराचे वर्तमानपत्र निघते आणि नको असलेली बातमी बदलून घेता येते. ही सोय मला कारखान्यात कधीच मिळाली नाही. पिठाची गिरणी तीस सेकंदांत एक माप देते, शेताला आणि बेकरीला मात्र साठ सेकंद लागतात. म्हणून दोन शेते, एक गिरणी आणि दोन बेकऱ्या हे प्रमाण राखावे लागते. ते चुकले की कामगारांचा पाव बंद होतो, आणि मग त्यांची तोंडे वाकडी होतात.

परवा असाच पाव बंद होता. आतून आवाज आला, "अहो, ब्रेड आणलात का?"

"पिठाची गाडी अडकलीय," मी म्हणालो.

बराच वेळ शांतता होती. मग सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या दुकानात?"

यावर उतारा म्हणून मी 'ओम्सी' हा बसचा खेळ घेतला, कारण त्यात पाव नाही. १९८० च्या दशकातले बर्लिन, श्पांडाऊ भाग, ९२ क्रमांकाची दुमजली बस. आधी विजेचा मुख्य खटका, मग इंजिन, मग ब्रेकसाठी हवेचा दाब चढेपर्यंत स्वस्थ बसणे. त्यानंतर प्रवासी एकेक करून चढतात, तिकिटासाठी पैसे पुढे करतात, आणि कंडक्टर नसल्यामुळे सुट्टे मीच एकेक नाणे मोजून द्यायचे. ब्रेक जरा जोरात लागला की मागून कुरकुर ऐकू येते. जर्मनचा पहिला वर्ग मी अर्धवट सोडला होता, पण कुरकुर समजायला भाषा लागत नाही. रात्री एक वाजता मी चार मिनिटे उशिराने चालत होतो आणि त्याची मला मनापासून लाज वाटत होती.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढलो तर चालक इंजिन चालू करून नुसताच बसून राहिलेला दिसला. मी अगदी समव्यवसायी आपुलकीने वाकून विचारले, "हवेचा दाब चढतोय ना?"

त्याने मला आरशातून नीट पाहून घेतले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बसून घ्या."