टरफलाचं तेल आणि किलोचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझी काकी कुडाळजवळच्या एका काजू कारखान्यात घसरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. कटिंगच्या टेबलाखाली टरफलांचा थर साचला होता, त्यात ओल्या पायांचं पाणी. टरफलाच्या तेलाने हाताची कातडी सोलते हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तेच तेल सांडलं की फरशी शेवाळलेल्या पायरीसारखी होते, हे मात्र कुणी बोलत नाही. घरच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली आणि ठरलं काय, तर काकीने बघून चालायला हवं होतं. फरशी साफ हवी होती असं मी लिहिलं, तर दादाचं उत्तर आलं: "तुझा सिंगापूर वेगळा. हयसर तसा करूक गेलास तर कारखानो बंद पडतलो."

सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात मी अकरा वर्षं फिटर आहे. तिथे वेल्डिंगच्या केबल आणि गॅसचे पाइप वाटेत लोळू देत नाहीत. भंगारातली सळी वाकवून केलेल्या आकड्यांवर ते डोक्याच्या वर टांगतात. एका आकड्याला खर्च जवळजवळ शून्य. पाळीची शेवटची पंधरा मिनिटं साफसफाईची, आणि ती पगारात धरलेली. झाडणारे आम्हीच: तमिळनाडूचे, बांगलादेशाचे, कोकणातले. तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. परमिट मालकाशी बांधलेलं असतं, कित्येकजण भीतीपोटी झाडतात. पण वाट मोकळी असते.

काकीला पैसे मिळतात फोडलेल्या काजूच्या किलोवर. खाली वाकून टरफलं गोळा करण्यात गेलेली दहा मिनिटं तिच्याच मजुरीतून जातात. मग ती कशाला वाकेल? बायका निष्काळजी आहेत असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा. फरशा आणि जाण्यायेण्याच्या वाटा अडथळ्यांपासून, घसरवणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवायच्या, हे आपल्याच १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२मध्ये लिहिलं होतं. ते सिंगापूरहून आलेलं नाही.

आणि दादा, टरफल म्हणजे कचराही नव्हे. ते बॉयलरला जळण म्हणून लागतं, तेल काढणाऱ्यांना विकलं जातं. दर तासाला ते उचलायला एक बाई रोजावर ठेवली तर कारखाना कसा काय बंद पडेल?

काकी पुन्हा कामाला जायला लागली आहे. परवा फोनवर म्हणाली, "आता मी पायाखाली गोणपाट घालतंय." गोणपाट घरचं, दर दोन दिवसांनी धुवायला घरीच नेते. तेलाने भिजलेलं ते गोणपाट, आणि बॉयलर तिच्या टेबलापासून वीसेक पावलांवर. तिला हे कसं सांगावं, तेच मला सुचत नाही.