पीडीएफमधली वेलांटी

आज पुन्हा तेच! छपाईआधी तपासायचं दोनशे पानांचं प्रूफ पीडीएफमध्ये आलं. ‘विहीर’ शोधलं, तर एकही नाही. अरे, पान ४१ वर ढळढळीत दिसतेय की! कॉपी केली तर नुसता रोमन अक्षरांचा कचरा. मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फाँटात. पीडीएफ अक्षराचा आकार जपते. तो आकार म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणारा तक्ता आत नसला की शोध संपला. एक वेलांटी दीर्घ करायला पिवळी पट्टी ओढावी, तर अख्खी ओळ रंगते. मग चिठ्ठी चिकटवा: ‘तिसरी ओळ, चौथा शब्द.’ अशा दीडशे चिठ्ठ्या! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. अजून किती वर्षं थांबायचं? मूळ फाइल मागितली की उत्तर ठरलेलं, ‘पीडीएफ दिलीय ना!’