शाल-नारळ नको, सातबारा बघा

गावच्या यात्रेत यंदा माझा सत्कार करायचं ठरलं होतं. 'बहिणीला किडनी देणारा भाऊ' म्हणून. मी नको म्हणालो, तर लोकांना वाटलं लाजतोय. लाजत नव्हतो. कारण काय ते माईकसमोर सांगता आलं नसतं, म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, पण वाचा. ज्यांना बहिणी आहेत आणि ज्यांच्या नावावर वाडवडिलांची जमीन आहे, त्यांनी तर वाचाच.

२०२१ची भाऊबीज. आक्का ओवाळायला उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता. पाय इतके सुजले होते की जोडवी काढून ठेवावी लागली होती. "दगदगीनं झालंय रे," म्हणाली. डोकं दुखायचं तिचं, दोन-तीन वर्षं. मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची आणि कामाला लागायची. बीपी कुणी मोजलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी धाप लागली म्हणून रात्री साताऱ्याला नेली, तर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, अकराच्या वर. दोन्ही किडन्या आकसलेल्या. वय ४१.

त्या रात्री खासगी दवाखान्यात पन्नास हजार भरा म्हणाले. दाजी मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी सकाळ व्हायच्या आत आक्काची बोरमाळ गहाण टाकली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं सांगितलं की इथं महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, खाली आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल आहे. आम्ही तीन दिवस त्या टेबलावरून येत-जात होतो. एकानं सांगितलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न विचारायचा, आरोग्यमित्र कुठं बसतात? आधार आणि रेशनकार्ड खिशात ठेवायचं. दवाखाना ट्रस्टचा असेल तर धर्मादाय खाटांची चौकशी करायची. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, असा नियम आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पुढे डायलिसिस योजनेत बसलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सगळे म्हणायचे, मोफत आहे ना, मग कसला खर्च? जाताना वडाप, म्हणजे सगळ्यांनी मिळून जायची जीप, पण येताना तिला बसवत नसे, मग रिक्षा. दाजींचे आठवड्यातले तीन रोज बुडाले. रक्त वाढायची इंजेक्शनं, महिन्याच्या तपासण्या, डायलिसिसची सुई टोचायला हातातली रक्तवाहिनी जोडून घेतात तो फिस्टुला एकदा बंद पडला, तो पुन्हा करायचा खर्च. आणि दिवसाला मोजून एक लिटर पाणी. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. वर्षभरात दाजींची मोटारसायकल गेली, दोन म्हशी गेल्या.

आमच्या चुलत्यांचं म्हणणं होतं, "दिल्या घरची लेक. बघतील तिच्या सासरचे." सासरचे म्हणायचे, "माहेरी चार एकर बागायत आहे की." दोन्ही घरं एकमेकांकडं बोट दाखवत होती आणि मधे आक्का खाटेवर. आमच्या भागात सून आजारी पडली की हेच होतं. मुलगा आजारी पडला तर जमीन विकायची भाषा पहिल्या दिवशी निघते, लेक आजारी पडली तर ती कुणाची हे ठरवण्यातच सहा महिने जातात.

एक दिवस मी डायलिसिसला सोबत गेलो होतो. मी चहा घेऊन आलो तेव्हा आक्का डॉक्टरांना विचारत होती, "आठवड्यातनं दोनदाच केलं तर नाही का चालणार?" डॉक्टरांना वाटलं तिला त्रास होतोय. मला माहीत होतं, ती रिक्षाचे पैसे वाचवत होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी जमिनीची फाईल काढली. आमचे वडील २०११ला गेले. मागे आई, मी, धाकटा आणि आक्का, असे चार वारस. जमीन चार एकर, म्हणजे प्रत्येकाला एक. २०१२ला आम्ही आक्काचं हक्कसोडपत्र करून घेतलं, म्हणजे तिचा एकर आम्हा दोघा भावांच्या नावावर अर्धा-अर्धा आला. दोनशे रुपयांचा स्टॅम्प लागला. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिनं विचारलं, "कुठं सही करू?" मी बोट ठेवून दाखवलं. सही झाल्यावर म्हणाली, "मला जमीन नको, माझं माहेर राहू दे म्हंजे झालं." मग आम्ही तिला साडी घेतली, तालुक्याला जेवलो आणि घरी आलो. कुणालाच काही चुकलं असं वाटलं नाही. मलाही नाही.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४लाच दिला होता. केंद्राचा कायदा २००५चा. २०२०ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, २००५ला वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. तरी गावोगाव बहिणी सह्या करतात, कारण सही केली नाही तर भाऊबीजेला दार बंद होईल ही भीती असते. आमच्या घरात ती भीती कुणी बोलून दाखवली नव्हती. बोलायची गरजच नव्हती.

मी हिशोब मांडला. आक्काच्या एकरातला ऊस, एकरी चाळीस टन धरला, मशागत, खतं, पाणी सगळं वजा केलं, तरी वर्षाला साठ हजार. दहा वर्षांचे सहा लाख. ते माझ्या आणि धाकट्याच्या खात्यात कारखान्याच्या बिलातून आले. माझ्या पोरांची फी त्यातून गेली, घराची स्लॅब त्यातून पडली. आणि तिकडं ती बोरमाळ गहाण टाकून डायलिसिस करत होती. डायरीत मी एका पानावर 'आक्काला मदत' असं लिहून तिच्यासाठी केलेला खर्च टिपत होतो. ते पान फाडलं. त्यानंतर जे काही दिलं ते ऊसबिलाची थकबाकी म्हणून दिलं.

किडनीचं पण सांगतो. आईला शुगर, धाकट्याला बीपी, दाजींचा रक्तगट जुळेना. राहिलो मी. भाऊ-बहीण कायद्यानं जवळचे नातेवाईक, त्यामुळं कागदपत्रांचं फारसं अडलं नाही. मुलाखत झाली, तिचं चित्रीकरण झालं. दडपण आहे का, पैसे घेतलेत का, सगळं विचारलं. माझ्या बायकोलाही विचारलं. आमच्या आळीतल्या चार बायकांनी तिला "सही देऊ नकोस" म्हणून सांगितलं होतं. तिला भीती वाटत होती, दोन पोरं आहेत, वाटणारच. ती रात्रभर जागी होती आणि सकाळी तिनं सही केली. माझ्यापेक्षा तिचं धाडस मोठं, पण शाल-नारळाच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

पुण्यात तपासण्यांच्या वेळी ओळीत बसलेलो असायचो. देणाऱ्या बहुतेक आया आणि बायका, घेणारे मुलगे आणि नवरे. देशभर असंच आहे, जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. समन्वयक ताई मला म्हणाल्या, "बहिणीला द्यायला भाऊ आलाय, असं आम्हाला कमी बघायला मिळतं." हे ऐकून अभिमान वाटायला हवा होता. वाईट वाटलं. त्या ओळीतल्या एकाही बाईचा तिच्या गावात सत्कार झाला नसणार.

मे २०२३ला प्रत्यारोपण झालं. योजनेत तेव्हा त्याला अडीच लाखांची मर्यादा होती, नंतर ती साडेचार लाख झाली. वरचे आम्ही घातले. आक्का शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तांब्याभर पाणी मागितलं तिनं, आणि तिला ते दिलं. दीड वर्षानंतर तांब्याभर पाणी.

लोकांना वाटतं तिथं गोष्ट संपली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं, आणि रक्तातली औषधाची पातळी तपासणं, सगळं धरून महिन्याला दहा हजार. किडनी चालेल तोवर. एक महिनाही चुकवायचा नाही, चुकवला तर शरीर ती किडनी झिडकारू शकतं. दाजींना पूर्वीसारखी पोती उचलवत नाहीत. हा खर्च भावाच्या मर्जीवर ठेवायचा का? उद्या मला काही झालं तर? माझ्या पोरांनी आत्याला दर महिन्याला दहा हजार द्यावेत अशी अपेक्षा धरायची, आणि तिनं त्यांच्याकडं हात पसरायचा? तिच्या नावावर तिची जमीन असेल तर तिला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही.

म्हणून मी माझ्या वाट्याला आलेला तिचा अर्धा एकर तिला परत करतोय. बक्षीसपत्र करावं लागतं. वकील म्हणाले, भावानं बहिणीला बक्षीस द्यायचं तर सरकारी मूल्याच्या तीन टक्के मुद्रांक. आमच्या जमिनीचे तीस हजारांच्या आसपास होतात, म्हणजे तिची तीन महिन्यांची औषधं. बहिणीचा हक्क सोडवून घ्यायला दोनशे रुपये लागले होते. हा फरक मला अजून पचलेला नाही. आमदार-खासदारांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढा एक नियम बदला.

धाकट्याचा अजून होकार नाही. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, मी त्याला दोष देत नाही, पण दर रविवारी विषय काढतो. आई इतके दिवस गप्प होती. परवा जेवताना म्हणाली, "माझ्या नावावरचंही आक्काच्या नावाला लावा."

आक्का मात्र रागावली. फोनवर म्हणाली, "मी मागितली का जमीन? लोक म्हणतील किडनी पण घेतली आणि रान पण." मी म्हणालो, लोकांना मी सांगतो. ते आज सांगितलं.

सोमवारी कचेरीत वेळ घेतलीय. तिला आधार आणि दोन फोटो घेऊन ये म्हणालो. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गर्दी असती तिथं. मास्क लावून येते."