‘३००’ म्हणजे पुरावा नव्हे: फिरत्या मेसेजला पांडवलेण्यावरून उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग रविवारच्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर. परवा नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना दहावीतल्या भाच्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "मामा, हे सगळं खरंय ना?"

मेसेज थोडक्यात असा: ‘३००’ सिनेमातलं सगळं प्रत्यक्ष घडलेलं आहे. फक्त ३०० स्पार्टन वीरांनी दहा लाख इराण्यांना रोखलं. एका बाजूला स्वतंत्र माणसं होती, दुसऱ्या बाजूला गुलामांचा रानटी लोंढा. त्या ३०० जणांमुळे जगातली लोकशाही वाचली. आपल्या पावनखिंडीचीच ही ग्रीक आवृत्ती. इराणने आक्षेप घेतला, कारण सत्य झोंबतं. ज्यांना पटत नाही त्यांनी इतिहास वाचावा.

शेवटचं वाक्य मला मनापासून मान्य आहे. म्हणूनच पायऱ्यांवर धापा टाकत भाच्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय. हा मेसेज पुढे ढकलणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, वाचणारी आहेत, आणि त्यांनी हे खरं मानावं याचं मला वाईट वाटतं.

सिनेमा रंगवून सांगतो, याला माझी अजिबात हरकत नाही. झॅक स्नायडरचा ‘३००’ आला २००७ मध्ये, फ्रँक मिलरच्या १९९८ च्या चित्रकथेवरून. जवळजवळ सगळं चित्रण मॉन्ट्रियलला स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर झालं. आभाळ, समुद्र, कडे मागाहून भरले. सैनिक उघड्या छातीने लढतात ते चित्रकथेत तसे काढलेत म्हणून. खरा स्पार्टन चिलखत घालून लढायचा. पण हे चालतं. पांडवलेण्याच्या पायथ्याशीच फाळके स्मारक आहे. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर हनुमान उडवला, त्याचा हिशोब आपण मागत नाही. शाहीर पोवाड्यात पाच मावळ्यांचे पन्नास करतो, तेही आपण ऐकतो आणि अंगावर काटा येतो. मात्र पोवाडा हातात घेऊन कुणी तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला जात नाही. या मेसेजने तेच केलं आहे.

आता "फक्त ३००". या लढाईची मुख्य माहिती आपल्याला हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराकडून मिळते. इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत कोण कोण उभं होतं याची त्याने गाववार यादी दिली आहे: स्पार्टा या ग्रीक नगरराज्याचे ३००, तेगिया आणि मँटिनियाचे पाच-पाचशे, कॉरिंथचे ४००, फोकिसचे १०००, आणखी बरेच. आजचे अभ्यासक एकूण सात हजारांच्या आसपास धरतात. तिसऱ्या दिवशी वेढा पडतोय हे कळल्यावर बहुतेकांना परत पाठवलं गेलं. तेव्हाही ३०० एकटे राहिले नाहीत. थेबिसचे ४०० होते, ते अखेरीस शरण गेले. आणि थेस्पिया नावाच्या लहानशा गावाचे ७०० होते. त्यांना जायची मोकळीक होती, ते गेले नाहीत, आणि तिथेच मेले. पुढे इराणचा राजा झर्क्सिस याच्या सैन्याने त्यांचं गावही जाळलं. सिनेमात थेस्पियाचं नाव नाही. थर्मोपिलीला स्पार्टाचा राजा लिओनिडास याचं स्मारक १९५५ मध्ये उभं राहिलं, थेस्पियाच्या माणसांचं १९९७ मध्ये. तब्बल ४२ वर्षांनी. सिनेमा त्यानंतर दहा वर्षांनी आला, आणि ते ७०० पुन्हा पुसले गेले.

दहा लाखांचा आकडा तर हिरोडोटसच्या मानाने कमीच. त्याने नोकरचाकर धरून ५२ लाख ८३ हजार २२० अशी बेरीज मांडली आहे, अगदी शेवटच्या वीस माणसांपर्यंत. आजचे बहुतेक अभ्यासक एक ते तीन लाख धरतात. तेवढेही त्या अरुंद वाटेपुढे भयंकरच होते. शौर्य आहेच, त्याला वर शून्य जोडायची गरज नाही.

सिनेमातला सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग म्हणजे लिओनिडासने झर्क्सिसच्या दूताला लाथ मारून विहिरीत ढकलण्याचा. माझ्या मते हा मेसेज इथेच सर्वांत जास्त उघडा पडतो. दूत विहिरीत टाकले गेले, हे खरं. पण ते झर्क्सिसचे नव्हते; त्याचा बाप दारयवहू याने काही वर्षं आधी पाठवलेले होते. पाणी आणि माती ही शरणागतीची खूण मागायला आले, तेव्हा स्पार्टाने त्यांना विहिरीत ढकललं आणि म्हटलं, तिथून घ्या. याच कारणाने झर्क्सिसने स्पार्टाला आणि अथेन्सला दूत धाडलेच नाहीत, असं हिरोडोटस स्पष्ट लिहितो.

पुढचा भाग सिनेमात असता तर मी तो उभं राहून पाहिला असता. दूताला मारणं हे ग्रीकांच्याही लेखी पाप होतं. स्पार्टात होमाचे शकुन सतत अशुभ निघू लागले. सभा भरवून विचारलं गेलं, स्पार्टासाठी कोण जीव देईल? स्पर्थियास आणि बुलिस हे दोन खानदानी पुरुष पुढे आले. आमचे जीव घ्या आणि त्या दूतांची भरपाई करा, असं सांगायला ते थेट इराणला झर्क्सिसपुढे गेले. त्याने त्यांना मारलं नाही. स्पार्टाने दूत मारून सगळ्या माणसांचा नियम मोडला, ज्या गोष्टीचा दोष मी त्यांना देतो ती मी स्वतः करणार नाही, अशा अर्थाचं बोलून त्याने दोघांना परत पाठवलं. म्हणजे ज्या प्रसंगावर सिनेमागृहात शिट्ट्या पडतात, त्याची स्पार्टालाच लाज वाटत होती. आणि त्यात संयमाने वागलेला माणूस झर्क्सिस होता. हे लिहिणारा इराणी नाही, ग्रीक आहे.

आता "स्वतंत्र माणसं विरुद्ध गुलाम". स्पार्टाचा पुरुष आयुष्यभर लढाईची तालीम करू शकला, कारण त्याचं शेत दुसरं कुणीतरी कसत होतं. ते हेलॉट. जिंकलेल्या प्रदेशातले, जमिनीला बांधलेले शेतकरी. दरवर्षी नवे एफर, म्हणजे स्पार्टाचे अधिकारी, सत्तेवर आले की हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे, म्हणजे एखाद्याला मारलं तरी पाप लागू नये, असं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने लिहिलंय की, सर्वांत शूर कोण ते पुढे या, तुम्हाला स्वतंत्र करतो, असं हेलॉटांना सांगून स्पार्टाने सुमारे दोन हजार निवडले, डोक्यावर माळा घालून देवळांभोवती फिरवले आणि नंतर नाहीसे केले. कसे मारले ते कुणालाच कळलं नाही. थर्मोपिलीच्या पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईला स्पार्टाचे ५ हजार लढवय्ये आले तेव्हा त्यांच्यासोबत ३५ हजार हेलॉट होते. एकामागे सात. थर्मोपिलीच्या मृतांतही हेलॉट होते. पडद्यावर शेतातून वाऱ्याने डोलणारा गहू दिसतो, तो पेरणारा एकही हात दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचंही एवढं सरळ नव्हतं. झर्क्सिसच्या छावणीत त्याला सल्ला द्यायला दमारातस बसला होता, स्पार्टाचाच पदच्युत राजा. त्याच्या आरमारात आयोनियाचे ग्रीक होते. आणि पुढे अथेन्सला हरवायला स्पार्टाने इ.स.पू. ४१२ च्या सुमारास करार केले ते झर्क्सिसच्या नातवाशी. इराणी पैशावर जहाजं बांधली आणि बदल्यात आशियातली ग्रीक शहरं त्याच्या हवाली करायचं कबूल केलं.

ज्याला हा मेसेज "रानटी लोंढा" म्हणतो, त्यात आपलेही लोक होते. हिरोडोटसने झर्क्सिसच्या सैन्यात भारतीयांची तुकडी नोंदवली आहे: अंगात सुती कपडे, वेताची धनुष्यं, वेताचेच बाण आणि टोकाला लोखंड. सिंधूकाठची माणसं. भाचा इथे थांबला. "म्हणजे मी सिनेमात समोरच्या बाजूला असतो?" मी म्हटलं, कदाचित.

लोकशाहीबद्दल फार लिहायला नको. स्पार्टात दोन वंशपरंपरागत राजे होते, तीस जणांचं वृद्धमंडळ होतं आणि पाच एफर. हे एफर दरसाल निवडून येणारे अधिकारी. सिनेमात त्यांचे अंगावर फोड आलेले लाचखोर पुजारी झाले आहेत. लोकशाही अथेन्सची, आणि तिथेही गुलाम होतेच. त्या वर्षी इराणी मोहिमेला खरा अडसर घातला तो थर्मोपिलीनंतर सलामिसच्या समुद्रात अथेन्सच्या जहाजांनी.

पावनखिंडीची तुलना मला ओढून आणल्यासारखी वाटते. खिंड अडवून पुढच्यांना वेळ मिळवून देणं, एवढं साम्य दोन्हीकडे आहे. महाराज विशाळगडाला पोचेपर्यंत झुंजलेल्या बाजीप्रभूंच्या मोठेपणाला परदेशी शिक्क्याची गरज नाही.

इराणच्या आक्षेपावर मात्र थांबलं पाहिजे, कारण "सत्य झोंबतं" हे म्हणणं अन्यायाचं आहे. सिनेमा मार्च २००७ मध्ये लागला. डिसेंबर २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने इराणवर निर्बंध घातलेले, शेजारी इराकात अमेरिकी सैन्य चौथं वर्ष पूर्ण करत होतं. इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदिनेजाद यांच्या कला सल्लागाराने याला मानसिक युद्ध म्हटलं. चित्रकथा त्याआधी नऊ वर्षांची, तेव्हा सिनेमा मुद्दाम युद्धासाठी काढला असं मी म्हणणार नाही. पण चिडले ते फक्त सरकारी लोक नव्हते. परदेशात राहणाऱ्या, त्या सरकारशी न पटणाऱ्या इराण्यांनीही निषेधाच्या पत्रांवर सह्या केल्या. त्यांना काय लागलं ते पाहायचं असेल तर दोन चित्रं शेजारी ठेवा. पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या दगडात इराणचे राजे दाट दाढीचे, पायघोळ चुणीदार झग्यात कोरलेत. पडद्यावरचा झर्क्सिस तुळतुळीत, उघडा, साखळ्यांनी मढवलेला, माणसापेक्षा उंच. सुसाच्या राजवाड्यातले विटांचे धनुर्धर आता लूव्र संग्रहालयात आहेत: नक्षीचे झगे, कुरळ्या दाढ्या, उघडे चेहरे. पडद्यावर राजाच्या खास दलाला धातूचे मुखवटे, आणि मुखवट्याखाली राक्षसी दात. शत्रू हरला याचं दुःख कुणी करत नाही. त्याचा चेहराच काढून घेतला, हे लागतं.

ही खिंड राजकारणात पहिल्यांदाच ओढली गेली असंही नाही. ३० जानेवारी १९४३ ला, स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्य मरत असताना, हिटलरचा सहकारी गोरिंग याने रेडिओवरच्या भाषणात त्यांना थर्मोपिलीची आठवण दिली. आपल्या काळात ग्रीसच्या गोल्डन डॉन या अतिउजव्या पक्षाने तिथे मेळावे भरवले.

एक बचाव मला खरंच विचार करण्याजोगा वाटतो. सिनेमाची गोष्ट एक डोळा गमावलेला सैनिक सांगतो, प्लाटियाच्या लढाईच्या आदल्या रात्री, आपल्या लोकांना चेतवायला. मग तो फुगवून सांगणारच. मान्य. पण त्या सैनिकामागचा खरा माणूस अरिस्टोडेमस. डोळ्यांच्या आजारामुळे तो लढाईत नव्हता, जिवंत परतला. स्पार्टाने त्याचं कौतुक केलं नाही. कुणी त्याला विस्तव दिला नाही, कुणी बोललं नाही, त्याला भित्रा म्हणून हाक मारत. प्लाटियाला तो वेड्यासारखा लढून मेला, आणि तरीही त्याला मान नाकारला, कारण त्याला मरायचंच होतं म्हणे. ही गोष्ट सिनेमापेक्षा कितीतरी मोठी आहे.

बोलत बोलत आम्ही तिसऱ्या लेण्यापाशी पोचलो होतो. तिथे गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरून घेतली आहे: सक-यवन-पल्हव-निसूदन. यवन म्हणजे ग्रीक, पल्हव म्हणजे इराणकडचे. सिनेमात समोरासमोर उभे केलेले दोघे इथे एकाच समासात हरलेले. हाही पोवाडाच, आईने गायलेला. पण याच डोंगरात दहाव्या लेण्यात सातकर्णीने ज्याला हरवलं त्या शक क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. त्याने गोवर्धनच्या, म्हणजे आपल्याच, विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे २४०. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. भाच्याने तोंडी हिशोब केला, बरोबर आला. हरलेल्या शत्रूचा हा दानलेख जिंकणाऱ्यांनी खरवडून टाकला नाही. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांचंही तेच. बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप उठवला, पण खाली नहपानाचा चेहरा कित्येक नाण्यांवर अजून दिसतो.

शेवटी सतराव्या लेण्यात गेलो. ते खोदवून घेतलं इंद्राग्निदत्ताने. लेखात तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा योणक, म्हणजे यवन, म्हणवतो. भाच्याने ते अक्षर अक्षर लावून वाचायचा प्रयत्न केला, ‘योणक’ सापडल्यावर फोटो काढला, आणि खाली उतरताना ट्रेकच्या ग्रुपवर त्या मेसेजखाली एकच ओळ टाकली: "थेस्पियाचे ७०० कुठे गेले?"